वॉल्व्ह क्रमांक सतराची चाचणी

लिंबाजी गणपत सोनटक्के यांचं मंगळवार, चौदा मार्च रोजी दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटांनी निधन झालं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही असं समजून पुढे चला. चिंचनूर नगरपरिषदेतही नंतर सगळ्यांनी तसंच ठरवलं, आणि ठरवणाऱ्यांत खुद्द सोनटक्केही होते.

तर, जानेवारीतली सकाळ. मी एका लुनाच्या कॅरिअरवर बसलो होतो आणि माझ्या मांडीवर चार फुटांची लोखंडी चावी आडवी होती. ती दोन्ही बाजूंनी इतकी बाहेर आली होती की गल्लीतली माणसं आम्हाला बघून भिंतीला चिकटत होती. लुना चालवणाऱ्याने मागे न बघता विचारलं,

"इंजिनेर, पोहता येतं का?"

"नाही."

"बरंय. हितं लागणार बी न्हाई."

हे लिंबामामा. नगरपरिषदेचे वॉल्व्हमन. चिंचनूरला तीन दिवसांआड पाणी यायचं आणि ते कुठल्या गल्लीत कधी यायचं हे जमिनीत पुरलेल्या बासष्ट वॉल्व्हवर अवलंबून होतं. ते बासष्ट वॉल्व्ह मामा त्या चावीने गेली एकतीस वर्षं उघडत आणि बंद करत होते. मी तेवीस वर्षांचा होतो आणि मामांच्या डोक्यातलं हे वेळापत्रक संगणकात घालायला आलो होतो.

मला पाठवलं होतं कुलथे सरांनी. सरांची सहा जणांची कंपनी होती. मी सातवा, म्हणजे अजून मोजलेला नव्हतो. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं की एकतीस मार्चला चिंचनूरचं कार्यपूर्ती प्रमाणपत्र घेऊन ये, एक एप्रिलपासून तू कायम. प्रमाणपत्र नसेल तर यायचे कष्ट घेऊ नकोस. प्रमाणपत्र मुख्याधिकारी देणार होत्या. मुख्याधिकारी म्हणजे शेळके मॅडम. त्यांनी पहिल्याच भेटीत अट घातली की प्रणाली ज्याने रोज वापरायची त्या माणसाने आधी 'वापरून पाहिली, पसंत आहे' या कागदावर सही करायची, मग मी करीन. म्हणजे माझी नोकरी मॅडमच्या सहीवर, मॅडमची सही मामांच्या सहीवर, आणि मामांची सही मामांच्या मर्जीवर होती.

सरांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर सात पायऱ्यांचा धबधबा काढला होता. गरजांचा अभ्यास, विश्लेषण, आराखडा, प्रोग्राम लिहिणं, चाचणी, कार्यान्वयन, देखभाल. आमच्या धंद्यात कुठलीही संगणक प्रणाली या सात पायऱ्यांवरून खाली येते. पाणी एका पायरीवरून पुढच्या पायरीवर पडतं, परत वर चढत नाही. एक टप्पा संपला की मागे वळून बघायचं नाही, असं सर सांगत. सरांचा घटस्फोटही त्याच सुमाराला झाला होता.

मी हा धबधबा मामांना वहीवर काढून दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"पाणी वर चढत न्हाई असं कोण म्हणलं?"

"आमचे सर."

"दाब दिला की तिसऱ्या मजल्यावर जातंय. त्यांना एकदा घेऊन ये."

गरजांचा अभ्यास तीन आठवडे चालला. मी सगळं शास्त्रशुद्ध केलं. प्रत्येक वॉल्व्हला क्रमांक दिला, उघडायची वेळ, बंद करायची वेळ, त्यावर किती घरं, असं सगळं टिपलं. बासष्टच्या बासष्ट वॉल्व्हचे फोटो काढले. फोटोंत वॉल्व्ह दिसत नव्हते, कारण ते खड्ड्यात होते. ते बासष्ट झाकणांचे फोटो होते. काही ठिकाणी झाकणही दिसत नव्हतं, तिथे मी झाकणावर बसलेल्या माणसाचा फोटो काढला.

दुसऱ्या आठवड्यात एकदा आम्ही शाळेकडे निघालो होतो आणि मामांचा फोन वाजला. त्यांनी 'कधी?' एवढंच विचारलं, 'किती वाजता नेणार?' एवढंच विचारलं, आणि लुना उलटी वळवली. तेली गल्लीच्या तोंडाशी उतरून त्यांनी चावी खड्ड्यात घातली. मी वही काढली आणि सांगितलं की आज या गल्लीची पाळी नाही, यांची परवा आहे.

"पाळी न्हाई," मामा चावी फिरवत म्हणाले. "म्हातारी गेली."

मग त्यांनी सांगितलं ते असं. घरात कोणी गेलं की स्मशानातून चाळीस-पन्नास माणूस परत येतं, आणि आल्यावर प्रत्येकाला आंघोळ लागते. तीन दिवसांआड पाणी असलेल्या गावात पन्नास माणसांच्या आंघोळीचं पाणी कोणाच्या घरात नसतं. म्हणून गावात रिवाज पडला होता. पहिला फोन डॉक्टरला, दुसरा लिंबामामांना. पाहुण्यांचा नंबर तिसरा. मोमीनपुऱ्यात कोणी गेलं तर पाणी आधी सोडायचं, कारण तिथे मयताला आंघोळ घालून मग नेतात. आपल्याकडे ते आधीचं पाणी थोडंच लागतं, खरं पाणी नंतर लागतं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. एकदा चुकलं होतं, मग चुकलं नाही.

"पाणी तेच," ते म्हणाले. "वेळ तेवढी बघायची."

मी वहीत लिहिलं: विशेष पाणी. प्रकार दोन. मयत-आधी, मयत-नंतर.

ही नोंद घेऊन मी मॅडमकडे गेलो. विश्लेषण आणि आराखडा हे दोन टप्पे मॅडमच्या टेबलावर एका दुपारीच उरकले. मॅडमना कल्पना पसंत पडली, फक्त त्यांना एक धोका दिसला. मामांना फोन करून कोणीही सांगेल की आमच्याकडे मयत आहे, पाणी सोडा.

"खोटं कोण सांगेल मॅडम?" मी विचारलं.

"तुम्ही नवीन आहात. पाण्यासाठी लोक मरायलासुद्धा कमी करणार नाहीत."

म्हणून ठरलं की विशेष पाण्यासाठी मयताचं नाव आणि नळजोडणी क्रमांक टाकावाच लागेल आणि दोन्ही आपल्या यादीशी जुळावे लागतील. म्हणजे मरणारा माणूस नगरपरिषदेचा नोंदणीकृत ग्राहक असला पाहिजे. दुसरं, एकदा मयत म्हणून नोंद झाली की ती कोणालाही खोडता येता कामा नये, नाहीतर तोच माणूस पुन्हापुन्हा मरेल. नोंद झाली की त्या वॉर्डातल्या सगळ्या मोबाइलवर संदेश जाईल आणि वॉल्व्ह उघडायचा हुकूम वॉल्व्हमनच्या मोबाइलवर जाईल. मला हा आराखडा फार सुंदर वाटला. कुठेही फट नव्हती.

फेब्रुवारीत मी प्रोग्राम लिहिला. मला जन्म-मृत्यू नोंदणीच्या शेजारची खोली दिली होती. पलीकडे दिवसभर माणसं जन्मत आणि मरत होती, अलीकडे मी त्यांचं पाणी बघत होतो. मामा फेऱ्या संपल्या की डबा खायला तिथेच येत. मी त्यांना संगणक शिकवत होतो. त्यांच्या नावाने प्रणालीत प्रवेश तयार केला होता, त्यासाठीचा गुप्त शब्द त्यांनी स्वतःचा ठरवला होता आणि तो सगळ्या कार्यालयाला सांगितला होता. माउस ते चावीसारखा गोल फिरवत. पडद्यावरचा बाण गरगर फिरून शेवटी नेमका पाहिजे त्या जागी थांबायचा. कसा, ते मला कधीच कळलं नाही.

मार्च उजाडला तेव्हा सगळं तयार होतं, फक्त सही नव्हती. मी रोज तो कागद मामांपुढे ठेवत होतो. मामा रोज तो वाचत होते, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि घडी घालून परत देत होते.

"चांगलं केलंयस," ते म्हणायचे. "अजून एक राहिलंय."

"काय राहिलंय ते सांगा, मी घालतो."

"तेच बघतोय, कसं सांगायचं."

कुलथे सरांना फोन केला. सर म्हणाले की हे नेहमीचं आहे, म्हाताऱ्या माणसाला मशीन आपली जागा घेईल अशी भीती वाटते, त्याला चहा पाज. मी चहा पाजला. मामांनी चहा घेतला, मला पाजला, पैसे त्यांनीच दिले आणि सही केली नाही. मला सरांचं म्हणणं पटत होतं, कारण मामा एकतीस मेला निवृत्त होणार होते. त्यांची जन्मतारीख एक जून होती. शाळेत नाव घालणाऱ्या मास्तरांनी अख्ख्या वर्गाचा जन्म त्या एकाच दिवशी उरकला होता. त्यांच्या जागी नवीन वॉल्व्हमन येणार नव्हता, पद गोठवलं होतं. ठेकेदार कोणालातरी पाठवेल असं मॅडम म्हणाल्या होत्या. मला वाटायचं, शेवटच्या तीन महिन्यांत कोणाला आवडेल आपली जागा खोक्याला दिलेली?

चौदा मार्चला चाचणी ठेवली. नेहमीचं पाणी, टँकर, लग्नाचं पाणी, सगळं पार पडलं. राहिलं मयताचं. मी नाव टाकलं 'अबक चाचणे'. प्रणालीने नकार दिला. असा ग्राहक नाही. मी खूश झालो, मग लक्षात आलं की आता कोणीतरी खराच ग्राहक मारावा लागणार.

मी पाणीपुरवठ्याच्या लिपिकांना विचारलं. ते म्हणाले, मुलीचं लग्न ठरायचंय. स्थापत्य विभागातल्या साहेबांना विचारलं. त्यांना काही हरकत नव्हती, पण त्यांची नळजोडणी बायकोच्या नावावर होती आणि हे तिला विचारायला ते तयार नव्हते. मी परत खोलीत आलो तर मामा डबा उघडून बसले होते.

"माझं घाल की," ते म्हणाले. "कुंभार गल्ली, वॉर्ड चार. सतरा नंबरचा वॉल."

"मामा, अपशकुन..."

"एकतीस वर्षं लोकांच्या मयताला पाणी सोडतोय. आपलं कसं सुटतंय ते बघू तरी."

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक बटण होतं. एका बाजूला 'चाचणी', दुसऱ्या बाजूला 'प्रत्यक्ष'. चाचणीवर असताना संदेश कोणाला जात नसत. मामांनी ते कशाचं आहे विचारलं. मी समजावून सांगितलं की खोटी चाचणी इकडे आणि खरी चाचणी तिकडे. खरी म्हणजे खऱ्या माणसांवर, खऱ्या गावात, पण ती कोणी करत नाही. मग मी त्यांचं नाव, क्रमांक, 'मयत-नंतर', सायंकाळी साडेचार, सगळं भरलं आणि मॅडमना बोलवायला गेलो, कारण ही चाचणी त्यांच्यासमोर व्हावी अशी माझी इच्छा होती. मॅडम वॉर्ड चारच्या लोकांबरोबर बैठकीत होत्या. मी बाहेर पाच मिनिटं थांबलो. तेवढ्यात आत बसलेल्या सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले. संदेश असा होता:

'चिंचनूर नगरपरिषद. श्री. लिंबाजी गणपत सोनटक्के यांच्या निधनानिमित्त कुंभार गल्ली येथे आज सायं. ४.३० ते ५.१० विशेष पाणी सोडण्यात येत आहे. कृपया लाभ घ्यावा.'

शेवटचं वाक्य लग्नाच्या संदेशातून आलं होतं. चाचणीत मला सापडलेली ही एकमेव चूक, आणि ती सहाशे बारा मोबाइलवर सापडली.

मी खोलीकडे धावलो. मामा नव्हते, लुना नव्हती, चावी नव्हती. माझी खात्री झाली की बटण मीच चुकून 'प्रत्यक्ष'वर ठेवलं. मामांना फोन लावला तर उचलत नव्हते, आणि त्या परिस्थितीत ते स्वाभाविक वाटलं. मी रिक्षा करून कुंभार गल्लीत गेलो. वाटेत मी मामींना काय सांगायचं याची तीन वाक्यं तयार केली.

मामी दारातच ज्वारी पाखडत बसल्या होत्या. शेजारणी जमल्या होत्या, एकीने संदेश वाचून दाखवला होता, दोघी रडत होत्या. मामी सूप झटकत होत्या.

"सकाळी डबा घेऊन गेलेत," त्या मला म्हणाल्या. "डबा आला न्हाई अजून परत. डबा टाकून जाणारा माणूस न्हाई त्यो."

माझी तीन वाक्यं तिथेच संपली.

पण चौकात वेगळाच प्रकार चालला होता. तिथे दीडशे माणूस होतं. साडेचारला दहा मिनिटं कमी होती आणि पाण्याची वेळ जाहीर झाली होती. माजी नगरसेवक उटगे ओट्यावर उभे राहून श्रद्धांजली वाहत होते. माणसं हळहळत होती. कोणी म्हणत होतं, माझ्या बापाच्या वेळी भर उन्हात आला होता. कोणी म्हणत होतं, आमच्या आजीच्या वेळी स्वतःच्या मुलीची सोयरीक सोडून आला होता. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की गावातल्या प्रत्येक मयताला या माणसाने पाणी सोडलं, आता याच्या मयताला पाणी कोण सोडणार?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सतरा नंबर शोधला. माझ्याकडे फोटो होता. फोटोत पानटपरी होती आणि टपरीचे मालक हारुणभाई हसत होते. हारुणभाईंनी टपरीतलं एक फळकूट उचललं, खाली चेंबर निघालं. सायकल दुकानातून मोठा पाना आला, त्याला पाइप लावला. वॉल्व्ह डावीकडे फिरवला की उघडतो, हे जगात सगळ्यांना माहीत आहे. चार धट्टीकट्टी माणसं लागली आणि डावीकडे जोर लावला. वॉल्व्ह हलेना. सहा लागली. आतून करकर आवाज आला. उटगे म्हणाले, हलतोय, आणि श्रद्धांजली पुढे सुरू केली.

मला हुकूम कोणाच्या मोबाइलवर गेला असेल ते त्या वेळी आठवलं.

चार अठ्ठावीसला लुना आली. आधी ऐकू आली, मग दिसली. गर्दी दोन्ही बाजूंना सरकली, ती चावीमुळे की आणखी कशामुळे हे सांगता येणार नाही. लिंबामामांनी लुना स्टँडला लावली. एका माणसाच्या हातात हार होता, तो त्याने काय करावं न सुचून मामांच्या हातात दिला. मामांनी तो लुनाच्या हँडलला अडकवला. उटगेंनी भाषण मोडलं नाही, फक्त 'होते'च्या जागी 'आहेत' घातलं.

"सरका," मामा म्हणाले. "अर्धा आटा अजून दिला असता तर तुटला असता. मग आठ दिवस गल्लीला पाणी न्हाई."

त्यांनी चावी घातली आणि उजवीकडे फिरवली.

"उलटा बसलाय हा. शहाण्णव सालच्या मिस्त्रीनं बसवला. नऊ आटे. दहावा घेतला की वरच्या आळीचं तुटतं."

त्यांनी नऊ आटे मोजले. मोठ्याने मोजले, आणि दीडशे माणूस त्यांच्याबरोबर मनात मोजत होतं. साडेचारला गल्लीतल्या पहिल्या नळातून आधी हवा आली, मग पाणी आलं. बायका घागरी घेऊन पळाल्या. मामांनी चावीवर हात ठेवून गर्दीकडे पाहिलं आणि सांगितलं की आलाच आहात तर आंघोळी उरकून जा, सोडलेलं पाणी परत टाकीत जात नाही. आठ-दहा जण खरोखर नळाखाली बसले. मार्च होता, ऊन होतं. मामी सूप घेऊन चौकापर्यंत आल्या, त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, लुनाला लटकवलेला डबा काढून घेतला आणि परत गेल्या.

मग मामा माझ्याशेजारी टपरीच्या फळीवर टेकले.

"मला संगणकाची भीती न्हाई रे," ते म्हणाले. "त्यो हुकूम सोडतोय, वेळेत सोडतोय. पण हुकूम आल्यावर चावी कुणीकडं फिरवायची? बासष्टातले अकरा उलटे हायत. चौदांवर दुकानं हायत. ते तुझ्यात कुठं हाय?"

माझ्यात ते कुठेच नव्हतं. तीन आठवडे मी त्यांच्या मागे बसलो होतो, वेळा लिहिल्या होत्या, झाकणांचे फोटो काढले होते, आणि त्यांच्या हातांकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"मे महिन्यात हे सगळं," त्यांनी स्वतःच्या टोपीवर बोट टेकवलं, "घरी जातंय. त्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी मेलं तर?"

हेच ते राहिलेलं एक. ते न घालताच त्यांनी सही केली असती तर मी त्या दिवशीच गाव सोडलं असतं, कायम झालो असतो, आणि जूनमध्ये सहा धट्टीकट्टी माणसं कुठल्यातरी चौकात डावीकडे जोर लावत असती.

मी सरांना फोन करून सांगितलं की चाचणी अजून सुरू आहे. ते खोटं नव्हतं. खरं म्हणजे मी धबधब्याच्या पाचव्या पायरीवरून पहिल्या पायरीवर चढलो होतो, पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. पुढचे सतरा दिवस मी पुन्हा लुनावर होतो. या वेळी चावी मी फिरवायची आणि मामांनी बघायचं. वॉल्व्ह नऊ: साडेअकरा आटे, बारावा घेतला की शाळेची टाकी ओसंडते. वॉल्व्ह चाळीस: उलटा, वर रसवंती, मालकाला आधी हाक मारावी, ऊस बाजूला घेतो. वॉल्व्ह त्रेपन्न: उघडायच्या आधी दोनदा ठोकावं, आत विंचू असतात. माझ्या तळहातांना फोड आले. मामींनी हळद लावली आणि सांगितलं की यांना लग्नानंतर वर्षभर होते, तुला लवकर झाले.

एकतीस मार्चला दुपारी मामांनी कागद वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि सही केली. मी पळतच मॅडमकडे गेलो. मॅडमनी कागद लिपिकाकडे पडताळणीला दिला. लिपिकाने प्रणालीत नाव टाकून पाहिलं आणि कागद परत केला. शेरा होता: सही करणारे कर्मचारी मयत आहेत.

मी म्हणालो की ते बाहेर व्हरांड्यात उभे आहेत. लिपिकाने बाहेर डोकावून पाहिलं आणि मान्य केलं. पण नोंद चौदा मार्चची होती आणि सही एकतीस मार्चची. मयताची सही मरणाआधीची असती तर चालली असती. मी विचारलं, नोंद खोडता येईल का? ते म्हणाले, खोडता येणार नाही अशी सोय तुम्हीच केली आहे, आणि ती फार चांगली आहे.

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांनी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य स्वतःच्या हाताने लिहिलं: 'मयत कर्मचाऱ्यांची स्वाक्षरी विशेष बाब म्हणून ग्राह्य धरण्यात येत आहे.' खाली सही, शिक्का. एक एप्रिलला मी कायम झालो. सरांनी प्रमाणपत्र फ्रेम करून त्या धबधब्याशेजारी लावलं. शेरा वाचल्यावर त्यांनी काही विचारलं नाही.

याला आता आठ वर्षं झाली. ती प्रणाली अजून चालू आहे. सातवी पायरी, देखभाल, माझ्याकडेच आहे. ठेकेदाराचा माणूस मोबाइलवर हुकूम बघतो, खाली लाल अक्षरात 'उलटा, उजवीकडे, नऊ आटे' असं लिहून येतं, तो तसं करतो आणि पाणी येतं. तरीही घरात कोणी गेलं की लोक दुसरा फोन लिंबामामांनाच करतात. मामा चालत तिथे जातात, ठेकेदाराच्या माणसाशेजारी उभे राहतात आणि आटे मोजतात.

मागच्या महिन्यात जुन्या नोंदी नवीन संगणकावर हलवताना मला चौदा मार्चचं पान दिसलं. तीन वाजून बावन्न मिनिटं. 'चाचणी' बदलून 'प्रत्यक्ष' केले. वापरकर्ता: लिं. ग. सोनटक्के.

मी लगेच मामांना फोन लावला.

"मामा, ते बटण तुम्ही दाबलं होतं."

"आठ वर्षं लागली व्हय बघायला?"

"मला आधी सांगायचं की राव, काय राहिलंय ते."

"सांगितलं असतं तर तू वहीत लिहून घेतलं असतंस," मामा म्हणाले. "आणि वही मिटून गेला असतास."

मी मामींचं विचारलं. त्यांना किती धक्का बसला असता. मामा म्हणाले की तिला सकाळीच सांगितलं होतं, आज दुपारी मी मरणार हाय, घाबरू नको. ती म्हणाली, मरा, पण डबा आणा.

मग ते म्हणाले की बाकी सगळं झ्याक आहे, फक्त ठेकेदाराचा माणूस चावी हातात देत नाही. नियम आहे म्हणतो. नुसतं बाजूला उभं राहून आटे मोजायचे म्हणजे हात शिवशिवतात.

देखभालीची जबाबदारी माझी असल्यामुळे मी त्याच दिवशी पुढील अर्ज नगरपरिषदेकडे पाठवला. पोच मिळाली आहे.

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद, चिंचनूर.

विषय: श्री. लिं. ग. सोनटक्के (मयत), वॉल्व्हमन, यांना सेवेत पुढे चालू ठेवणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, प्रणालीतील नोंदीनुसार सदर कर्मचारी दि. १४ मार्च रोजी वयाच्या ५९ वर्षे ९ महिने १३ दिवस इतक्या अवस्थेत मयत झालेले असून सदर नोंद खोडण्याची सुविधा उपलब्ध नाही. मयत व्यक्तीचे वय वाढत नसल्याने त्यांनी वयाची साठ वर्षे आजतागायत पूर्ण केलेली नाहीत. सबब त्याच वर्षी दि. ३१ मे रोजी त्यांना देण्यात आलेली सेवानिवृत्ती ही मुदतपूर्व व नियमबाह्य ठरते. तरी त्यांना वॉल्व्हमन या पदावर पूर्ववत हजर करून घेण्यात यावे, आणि त्यांच्याकडून जमा करून घेतलेली लोखंडी चावी (नग एक) त्यांच्या हातात परत देण्यात यावी, ही विनंती.